पोशाखांच्या खोलीत टिपलेले सूर

४ मार्च, सोमवार

आज सगळे हसले. हसले माझ्या कंप्युटरला, पण येऊन पडलं ते माझ्याच अंगावर.

नव्या नाटकाची तालीम होती. तालमीला सात वादक बोलवायचे नाहीत, परवडत नाही, असं फर्मान व्यवस्थापकांनी मागच्या महिन्यातच काढलंय. मी ज्या सॉफ्टवेअरमध्ये गाण्यांची स्वरलिपी लिहिते ते सॉफ्टवेअर ती वाजवूनही दाखवतं, तर त्यावरच तालीम करा. केली. पाच रेघांवर मी लिहिलेलं सगळं अगदी बरहुकूम वाजलं आणि नायिकेला रडू यायच्या जागी हसू फुटलं. "ताई, हे क्लॅरिनेट आहे की नळाला हवा आलीय?" सगळी मंडळी पोट धरून बसली. मीही हसले, न हसून सांगते कुणाला.

नंतर व्यवस्थापकांनी बोलावून घेतलं. म्हणाले, "असलं ऐकवत नाही आणि खरे वादक परवडत नाहीत. पुढच्या हंगामापासून बिनगाण्याचीच नाटकं करू." इतकंच. आणि त्यांनी पुन्हा फाइलीत डोकं घातलं.

बिनगाण्याची नाटकं म्हणजे सात वादक घरी. आठवी मी, कारण गाणी नसतील तर स्वरलिपी कसली लिहू, किराणा मालाची यादी? दादा सव्वीस वर्षं या नाट्यगृहात, रंगमंचापुढच्या वादकांच्या खड्ड्यात बसून क्लॅरिनेट वाजवतोय. त्यानेच मला इथे चिकटवलं. घरात आम्ही दोघंच. त्याचं लग्न क्लॅरिनेटशी झालं आणि माझं झालेलं मोडलं.

त्याला सांगितलं. त्याने चहात पाव बुडवला आणि म्हणाला, "बघू." या माणसाचं घर जळत असलं तरी हा 'बघू' म्हणेल.

६ मार्च, बुधवार

उपाय सापडला. मलाच सुचला म्हणून जरा भीतीच वाटते.

सॉफ्टवेअरमध्ये बनवणाऱ्यांनी दिलेलेच आवाज वापरले पाहिजेत असं कुठाय? आपले आवाज भरता येतात. वाद्याचा एकेक सूर वेगळा टिपायचा: हळू, मध्यम, जोरात, लांब आणि तुटक. प्रत्येक तुकड्याला नाव द्यायचं आणि कुठल्या खुणेला कुठला तुकडा वाजायचा ते सॉफ्टवेअरला शिकवायचं. म्हणजे मी कागदावर क्लॅरिनेटचा सूर लिहिला की दादाच वाजेल. तालमी यावर. खेळाला खरे सातजण. तालमीचा खर्च वाचला की वाद्यवृंद वाचला.

व्यवस्थापकांना हे सांगितलं. पहिल्यांदाच त्यांनी फाइल मिटली. तीन प्रश्न विचारले. किती दिवस लागतील, कितपत खरं वाटेल, आणि सलग किती वेळ चालतं. मी म्हटलं, "कंप्युटर आहे साहेब, त्याला कुठे दम लागतो!" ते हसले. माणूस हसतो तर. पंचवीस तारखेपर्यंत मुदत दिलीय.

११ मार्च, सोमवार

टिपण्याआधी वादकांनी एका कागदावर सह्या करायच्या होत्या. व्यवस्थापकांनी दोन पानं टाइप करून माझ्याच हातात दिली, "तुमचं ऐकतील."

ऐकलंही. मी पहिली दोन कलमं मोठ्याने वाचली, पुढचं सगळं वकिली भाषेत आहे असं म्हणून सोडून दिलं. वाचायचं होतं काय त्यात? तोफ म्हणाला, "तालमीपुरतंच आहे ना ताई?" तोफ म्हणजे आमचा ट्रम्पेटवाला, कुजबुजला तरी गल्लीला ऐकू जातो. मी म्हटलं, "तालमीपुरतंच. मी सांगते ना."

तरी कुणी पेन उचलेना. मग दादाने चष्मा लावला, कागद ओढून घेतला आणि दोन्ही पानं वाचून काढली, ओळीखाली बोट धरून. विजेचं बिलसुद्धा न वाचणारा माणूस! दुसऱ्या पानावर तर मास्तर वही तपासतात तसा बसून राहिला. मला इतका राग आला. बहिणीवर भरवसा नाही आणि तो चारचौघांत दाखवायचा.

वाचून झाल्यावर मला विचारतो, "हे सगळं चालवायला माणूस लागेल ना, चिमे?" पन्नाशी उलटली तरी मी त्याची चिमीच. मी म्हटलं, "लागणारच. गाणारी एखादी ओळ लांबवते, तेव्हा सूर थांबवून धरायला कुणीतरी बसायला हवं."

"तूच ना?"

"मग काय शेजारीण येणार?"

"बरं," म्हणाला आणि सही केली. सगळ्यांत आधी. त्याच्या मागोमाग बाकीच्या सहांनी भराभर केल्या. तोफ तर म्हणाला, "दादांनी वाचलंय, आता आम्ही काय वेगळं वाचणार!"

१३ मार्च, बुधवार

दिवसभर पोशाखांच्या खोलीत. तिथे राजांचे झगे आणि शिपायांचे डगले इतके टांगलेत की आवाज घुमतच नाही. पंखा बंद, दार बंद, घामाच्या धारा.

क्लॅरिनेटचे चाळीस सूर. त्यांचे तीन जोर, प्रत्येकाचे लांब आणि तुटक असे दोन प्रकार. दोनशे चाळीस तुकडे. मी खालच्या सुरापासून वर जायचं ठरवलं होतं, तसा तक्ताच केला होता. दादा म्हणाला, "वरचे आधी घे. जोरातले." मी म्हटलं, तक्त्याचं काय? "तक्ता तुझा, तोंड माझं." झालं, तक्ता उलटा केला.

आणि मग एकेका सुराला किती कटकट! मला चांगला वाटलेला सूर हा पुन्हा वाजवणार. एकच सूर नऊ वेळा. मधेच तोंडावर हात धरून भिंतीकडे वळून बसायचा, पाच-पाच मिनिटं. मला वाटलं, हा मुद्दाम वेळ काढतोय, याला हे काम मनातून पसंत नाही. तसं बोललेही. "दादा, अशानं पंचविसावी उजाडेल आणि आपण इथेच झग्यांत सापडू." तो म्हणाला, "नीट घे. हेच राहणार आहे."

तालमीपुरत्या कामासाठी एवढा सोस. पण संध्याकाळी ऐकलं आणि मान्य करावं लागलं, इतका सुंदर तो गेल्या वर्षभरात खेळातसुद्धा वाजला नव्हता.

१६ मार्च, शनिवार

उरलेले सहा तीन दिवसांत झाले. तोफच्या जोराच्या सुरांना दोन डगले खुंटीवरून पडले. व्हायोलिनवाली आपल्या लेकीला मांडीवर घेऊन आली, घरी बघायला कुणी नव्हतं. पोरगी झोपून राहिली आणि हिने तिच्या डोक्यावरून गज चालवला. निघताना मला म्हणाली, "ताई, तुमच्यामुळे नोकरी टिकली तर या पोरीला तुमचं नाव सांगेन."

घरी दादाचं जेवण नीट नाही. सफरचंद कापून दिलं तर तसंच काळं पडलं. पाव चहात, नाहीतर नुसती पेज. विचारलं तर "पोट साफ नाही." रुसलाय, दुसरं काय. त्या दिवशी वेळ काढतोस म्हटलं ते लागलं असणार. लागू दे.

१९ मार्च, मंगळवार

सत्यानाश. सगळे आवाज भरले, नाटकाचं पहिलं गाणं लावलं आणि कानात बोटं घालायची वेळ आली. बाकी सगळे ठीक, क्लॅरिनेट बेसूर. बेसूर म्हणजे एकसारखा बेसूर, प्रत्येक सूर हवा त्याहून खाली. दोन दिवस सेटिंग उलटीपालटी केली, मदतीची पानं वाचली, पुन्हा सगळं काढून पुन्हा भरलं. पंचवीस तारीख तोंडावर आली. हे बुडालं तर सातजणांना घेऊन बुडेल, आणि कल्पना माझी. आज कंप्युटरपुढे बसून चक्क रडले.

२० मार्च, बुधवार

काखेत कळसा आणि गावाला वळसा. सकाळी दादा दाढी करता करता म्हणाला, "फायलींना नावं कुणाची दिलीस? मी म्हणत होतो ती?"

तीच दिली होती! तो "हा सी" म्हणाला की मी सी लिहायची. पण क्लॅरिनेटवाला ज्याला सी म्हणतो तो पियानोवर बी फ्लॅट असतो, एक अख्खा सूर खाली. या वाद्याची जातच तशी. सॉफ्टवेअरला ते माहीत असतं, ते आपणहून एक सूर उतरवतं. मी आधीच उतरलेली नावं दिली, त्याने आणखी उतरवलं. वीस वर्षं क्लॅरिनेटसाठी लिहितेय, क्लॅरिनेटवाल्याच्या घरात राहतेय, आणि ही चूक! दादाच्या तोंडून ऐकत ऐकत लिहिलं म्हणूनच झाली. परका कुणी असता तर मी प्रत्येक सूर तपासला असता.

दोनशे चाळीस नावं दुपारपर्यंत बदलली. गाणं लावलं. दादा वाजला. खुद्द दादा तेव्हा बाजूच्या खोलीत निजला होता, तो काही उठला नाही.

२५ मार्च, सोमवार

जिंकलो. पहिल्या गाण्यालाच नायिकेचे डोळे भरले, तिला पुढची ओळ म्हणता येईना. ज्यांनी नळाला हवा आली म्हटलं होतं त्यांनीच टाळ्या वाजवल्या. व्यवस्थापक मागे उभे होते. पुढे येऊन त्यांनी माझा हात हातात घेतला. म्हणाले, "डोळे मिटले तर फरकच कळत नाही हो."

सगळ्याची एक प्रत त्यांनी मागून घेतली, सांभाळून ठेवायला. दोन डिस्क भरून मी स्वतः त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवल्या.

दादा शेवटच्या रांगेत बसून ऐकत होता. बाहेर आल्यावर विचारलं, कसं वाटलं? म्हणाला, "चांगलं झालं. वरचे सूर चांगले आलेत." शाबासकी म्हणून नाही. मला तर नाचावंसं वाटत होतं. वाद्यवृंद वाचला.

२८ मार्च, गुरुवार

वादकांना पत्रं आली. सातही. 'नव्या नाटकापासून आपल्या सेवेची आवश्यकता राहणार नाही.' मला पत्र नाही.

मी तशीच कचेरीत गेले. व्यवस्थापकांनी न चिडता तो सह्यांचा कागद काढून पुढे ठेवला. चौथं कलम. 'ध्वनिमुद्रणाचा वापर संस्था तालमी, प्रयोग वा अन्य कोणत्याही कामासाठी कायमस्वरूपी करू शकेल.' प्रयोग. कायमस्वरूपी. वकिली भाषा म्हणून मी सोडलेली.

"तुम्हीच तर मार्ग दाखवलात," ते म्हणाले. "नाहीतर मी गाणीच बंद करणार होतो. निदान गाणी तरी वाचली."

मी काय केलं हे. मी काय केलं हे. कंप्युटरचे जुने आवाज भिकार होते म्हणून हे लोक टिकून होते. मीच ते चांगले करून दिले. एकेकाच्या तोंडातून, बोटांतून सूर काढून घेतला, नाव घातलं, आणि डिस्क उचलून देऊन आले. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला असता तर पाय तरी माझा असता.

२९ मार्च, शुक्रवार

माझ्या कंप्युटरवरचे सगळे तुकडे पुसून टाकले. तोफ, व्हायोलिन, सगळे. दादाच्या फायलींशी आले आणि हात थांबला, मग त्याही पुसल्या. काही उपयोग नाही, डिस्क तिकडे आहेतच. तरी पुसल्या.

मग कचेरीत जाऊन विनवलं. निदान तिघांना ठेवा. दोघांना. व्हायोलिनवालीला पोर आहे हो. व्यवस्थापक म्हणाले, "एकीला ठेवून बाकी सहा कंप्युटरवर? ते विचित्र दिसेल." वर म्हणाले, तुम्हाला आता कायम करतोय, पत्र येईल. मी तशीच उठून आले.

राजीनामा लिहून ठेवलाय. पाच एप्रिलला पहिला प्रयोग. आदल्या दिवशी देणार. मी नसले तर त्यांचा खेळ अडेल, एवढं तरी करीन.

३१ मार्च, रविवार

सगळं लिहून काढते, नाहीतर डोकं फुटेल.

दुपारी दादाला राजीनामा दाखवला. मला वाटलं, पाठीवर हात ठेवील. त्याने वाचला आणि चार तुकडे केले. आजवर मी त्याला ओरडताना ऐकलं नव्हतं. "मग मी सही कशाला केली?"

मला समजेना. म्हटलं, "कशाला म्हणजे? तालमीसाठी."

तो खाली बसला. वरचा ओठ उचलून दाखवला. पुढचे दोन दात हलत होते, हिरड्या काळ्यानिळ्या. क्लॅरिनेटचं सगळं वजन त्याच दातांवर येतं. डॉक्टरने जानेवारीतच सांगितलंय, जूनपर्यंत काढावे लागतील. कवळीवर पुन्हा वाजवायला शिकणारेही असतात म्हणे, पण साठीला आल्यावर नाही. "वरचे सूर त्या दिवशी वाजले ते शेवटचे. नंतर मी खोटंच फुंकत होतो गं, तुझ्यासमोर."

म्हणून तो भिंतीकडे वळून बसायचा. म्हणून पाव चहात. आणि मी म्हटलं होतं, वेळ काढतोस.

पण खरं पुढेच होतं. मी म्हटलं, "चौथं कलम तू वाचलंस?"

"वाचलं."

"समजलं?"

"मी काय निरक्षर आहे?" मग म्हणाला, "गाणी बंद झाली असती तर तू रस्त्यावर. मी तर तसाही जूनला बाहेर. एका घरात दोघं बसून काय खायचं? हे आलं तर तुला ठेवावंच लागणार, हे तूच म्हणालीस. मी सही केली नसती तर कुणीच केली नसती, तेही मला माहीत होतं. मी आधी केली ती त्यासाठीच."

म्हणजे सहाजणांना याने ओढलं. डोळे उघडे ठेवून. माझ्यासाठी. तोफबरोबर हा अठरा वर्षं एका बाकावर बसलाय.

मी काय काय बोलले ते लिहीत नाही. "कुणी सांगितलं होतं माझी काळजी करायला," हे दहा वेळा तरी म्हटलं असेल. तो रडला. तोंडावर हात धरून, दात दुखतात म्हणून हुंदकासुद्धा बेताने. ते बघवेना. मी तरीही त्याला जवळ घेतलं नाही. रात्री पेज करून पुढे ठेवली, एवढंच.

२ एप्रिल, मंगळवार

दादा म्हणतो, तो जाऊन सगळ्यांना खरं सांगणार. "माझ्यामुळे झालं, तिचा दोष नाही, असं तोफला तोंडावर सांगतो."

मी म्हटलं, सांगून काय होणार? नोकऱ्या परत येणार आहेत?

"तुला शिव्या बसतायत त्या तरी थांबतील."

त्या बसतायत हे खरं. काल व्हायोलिनवाली समोरून येत होती, मला बघून रस्ता ओलांडून गेली. दादाकडे मात्र सगळे येतात. तोफ रोज येतो, मी घरी नसताना. त्याच्यासाठी मऊ केक आणतो, दातांचं कळलंय त्याला. यांच्या लेखी दादा आमच्या घरातला पहिला बळी. सख्ख्या बहिणीने फसवलेला. कागद त्याने वाचला खरा, पण वकिली भाषा त्याला कुठली कळणार, असं ते म्हणतात.

मी नोकरी सोडली तर दादाने जे केलं ते फुकट. ठेवली तर ते खाऊन जगायचं. दोन्ही घास घशाखाली उतरत नाहीत. आज दिवसभर हेच.

५ एप्रिल, शुक्रवार

कामावर गेले. राजीनामा पुन्हा लिहिला नाही.

दादा बरोबर आला. नको म्हटलं तरी आला. सहाही जण फाटकापाशी उभे होते, घोषणा नाहीत, फलक नाहीत, नुसते उभे. वाद्यांच्या पेट्या पायाशी. प्रेक्षक त्यांना वळसा घालून आत जात होते, बहुधा त्यांना वाटलं, आजचे वादक आहेत.

तोफ पुढे झाला. आज त्याचा आवाज चढला नाही. "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ," म्हणाला. "आम्ही परके होतो ताई, आमचं एक वेळ सोडा. या देवमाणसाचं तरी काही वाटलं नाही तुम्हाला? पोटच्या पोरीसारखं सांभाळलं त्याने तुम्हाला."

व्हायोलिनवाली खाली बघत होती. दादाचा हात माझ्या कोपराला होता तो एकदम घट्ट झाला. तो तोंड उघडून म्हणाला, "तोफ, ऐक. ते कलम मी..."

जूनला याचे दात जाणार. क्लॅरिनेट पेटीत जाणार. दिवसभर मी कामावर असणार आणि हा घरी. याच्याकडे केक घेऊन येणारं या जगात दुसरं कोण आहे?

मी त्याचं बोलणं तोडलं. "तो काय सांगणार? ते कलम नुसतं नावापुरतं आहे असं मीच त्याला आधी घरी पटवून दिलं होतं. म्हणून वाचूनही त्याने सही केली. मला सगळं ठाऊक होतं."

तोफने दादाला दंडाला धरून आपल्याकडे ओढून घेतलं. "चला दादा. आपल्या माणसांत उभे राहा."

दादा माझ्याकडे बघत राहिला. बोलला असता तर मी काय केलं असतं, कोण जाणे. "जा," मी म्हटलं, "मला उशीर होतोय." आणि आत गेले.

खड्ड्यात सात रिकाम्या खुर्च्या, आठवीवर मी. साडेसहाला बटण दाबलं. पहिल्या गाण्यात नायिकेने ओळ लांबवली, तिथे मी दादाचा सूर धरून ठेवला, तिचा श्वास संपेपर्यंत. प्रेक्षकांनी मोठ्या टाळ्या दिल्या. कुणालाही काही कळलं नाही.